‘छान होता’च्या पुढे

पत्र : मी नाशिकचा, 64 वर्षांचा निवृत्त लेखापाल. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे शनिवारची संध्याकाळ मी, दहा वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात अशी आमची तिघांचीच असते. गेल्या जूनपासून आम्ही घरी टीव्हीवर कौटुंबिक, अद्भुतरम्य आणि साहसी चित्रपट पाहतो आणि प्रत्येकाबद्दल मी एका दोनशेपानी वहीत माझे मत लिहितो. 31 चित्रपट झाले. परवा वही चाळली, तर बहुतेक पानांवर ‘छान होता, मुलांना आवडला, शेवट लांबला’ हेच लिहिलेले आढळले. (‘तोतोरो’ तर एका बैठकीत संपलाही नाही, कारण बसथांब्याच्या प्रसंगात नात छत्री उघडून मध्येच बसली, नातवाला काही दिसेना आणि भांडण झाले.) ‘स्पिरिटेड अवे’ पाहताना नात इतकी घाबरली की दोन रात्री नीट झोपली नाही, आणि सूनबाई अजून माझ्यावर नाराज आहेत. माझे फिरायला जाणारे मित्र म्हणतात, की या वयात भुताखेतांचे चित्रपट दाखवण्यापेक्षा मुलांना काही संस्काराचे दाखवावे. एक गोष्ट घरी सांगितलेली नाही : ‘ई. टी.’च्या शेवटी माझेच डोळे भरून आले आणि मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेलो. वही पुढे चालू ठेवावी का, आणि ठेवायची तर त्यात लिहावे काय?

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे, आणि तेही तक्रार म्हणून. सहा वर्षांची मुलगी चित्रपट चालू असताना उठते, छत्री घेऊन येते, ती घरात उघडते आणि तिच्याखाली बसून पुढचा प्रसंग पाहते, याहून बोलका अभिप्राय कोणत्याही समीक्षकाने त्या चित्रपटावर दिला असेल असे मला वाटत नाही. तुमच्या वहीत मात्र त्या शनिवारच्या पानावर, मी अंदाज करते, ‘चित्रे सुंदर, गोष्ट संथ’ असे काहीतरी असेल. तुम्ही आयुष्यभर हिशेब लिहिलेत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते : तुम्ही दर आठवड्याला ताळेबंद मांडता आहात, आणि त्यामागची रोजकीर्द मात्र लिहिलेलीच नाही. मग प्रत्येक पानावर सारखाच आकडा आला, तर त्यात नवल ते काय?

तो बसथांब्याचा प्रसंग तुम्ही एकदा एकट्याने पुन्हा पाहावा. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा हा 1988 सालचा चित्रपट आहे. दोन बहिणी बाबांना द्यायला छत्री घेऊन पावसात थांब्यावर उभ्या आहेत, बाबांची बस चुकली असावी, काळोख पडतो आहे आणि धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपी गेली आहे. थोरली छत्रीच्या कडेखालून शेजारी पाहते, तेव्हा तिला आधी फक्त नखे असलेले मोठे पाय दिसतात. मग ती हळूहळू छत्री वर करते. शेजारी उभ्या असलेल्या त्या प्रचंड प्राण्याने, म्हणजे तोतोरोने, डोक्यावर एक पान ठेवले आहे आणि पाणी त्याच्या नाकावर टपटपते आहे. ती बाबांची छत्री त्याला देते. ती धरायची कशी ते त्याला ठाऊक नाही; पण वरच्या झाडाचे थेंब छत्रीच्या कापडावर पडून आवाज होतो, तेव्हा त्याचे डोळे विस्फारतात, आणि आणखी थेंब पडावेत म्हणून तो अशी जोरात उडी मारतो की साऱ्या झाडांचे पाणी एकदम खाली येते. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीतच, पाठलाग नाही, कोणी खलपुरुष तर अख्ख्या चित्रपटातच नाही. ज्याने कधी छत्री पाहिली नव्हती त्याला तिचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो, एवढीच घटना आहे. तुमच्या नातीला ती नेमकी कळली आणि तो आवाज आपल्याही डोक्यावर यावा असे तिला वाटले. नातवाला पडदा दिसेना म्हणून तो चिडला, हेही योग्यच आहे. दहाव्या वर्षी माणसाला पुढे काय होते ते हवे असते. एकाच खोलीत, एकाच क्षणी, एकीला थांबायचे होते आणि दुसऱ्याला पुढे जायचे होते. गोष्ट संथ आहे की नाही हा वाद तुमच्या दिवाणखान्यात प्रत्यक्ष घडला आणि त्याची नोंद राहून गेली.

तेव्हा वही जरूर चालू ठेवा, पण कथानक लिहू नका, कारण ते कोठेही मिळते. तारेही देऊ नका. कोणी केव्हा उठले, कोणी काय विचारले, तुम्ही काय उत्तर दिलेत, कोठे तुम्हाला डुलकी लागली (ती लागते, आणि तीही नोंदवण्यासारखी असते), दुसऱ्या दिवशी खेळात काय उतरले, हे लिहा. चित्रपटगृहात शे-दोनशे माणसे काळोखात एका दिशेला तोंड करून बसतात आणि पडद्यावरचे कोणासाठी थांबत नाही. घरी मात्र कुकरच्या शिट्ट्या असतात, दाराची घंटा वाजते, मध्येच फोन येतो आणि रिमोट आपल्या हाती असतो. घरी पाहिलेला चित्रपट त्या घराचा होतो, त्यातल्या उणिवांसकट.

माझेच उदाहरण सांगते. मी अकरा वर्षांची असताना आमच्या गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता. दोन हिंदी चित्रपटांबरोबर कोणीतरी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ची कॅसेट घेऊन आले. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हते, तरी आम्ही मुले जागी होतो. शेवटाकडे जादूगाराचा फुगा परक्या देशात येऊन पडलेल्या डोरोथीला न घेताच वर निघून जातो, आणि नेमके तेथेच चित्र थरथरले व पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला एक नवरदेव अवतरला. दुकानातल्या कोणीतरी उरलेल्या फितीवर घरचे लग्न उतरवून घेतले होते. मोठी माणसे हसून हसून बेजार झाली. मी मात्र पुढची कित्येक वर्षे असेच समजून होते की ती मुलगी त्या परक्या देशातच राहिली. खरा शेवट पाहिला तेव्हा मी नोकरीला लागले होते, आणि खरे सांगायचे तर तो मला थोडा उणाच वाटला.

या चित्रपटाची गंमत अशी की त्याची कीर्तीच मुळी घराघरांत वाढली. तो 1939 साली पडद्यावर आला, परंतु अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर 1956 साली पहिल्यांदा दाखवला गेला आणि 1959 पासून दर वर्षी दाखवला जाऊ लागला, तेव्हा तो तिथल्या कुटुंबांचा वार्षिक रिवाज बनला. त्याचा सर्वांत प्रसिद्ध क्षण म्हणजे वावटळीने उडून आलेल्या घराचे दार डोरोथी उघडते आणि तोवर तपकिरी असलेले चित्र बाहेरच्या रंगांनी एकाएकी उजळून निघते. हा चमत्कार साधण्यासाठी घराचा आतला भाग तपकिरी रंगवला होता, दार उघडणारी मुलगी ही तपकिरी कपडे घातलेली बदली कलाकार होती, आणि ती बाजूला होताच निळ्या झग्यातली ज्युडी गारलँड रंगीत जगात पाऊल टाकते. पण त्या काळी बहुतेक घरांत कृष्णधवल संच होते! म्हणजे हजारो मुलांनी तो चित्रपट वर्षानुवर्षे पाहिला, त्यावर जीव टाकला, आणि त्या दारापलीकडे रंग आहेत हे त्यांना घरात रंगीत संच येईपर्यंत कळलेच नाही. त्या मुलांचा अभिप्राय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, जसा माझा नवरदेवाचा शेवटही मी खोडणार नाही.

आता भीतीबद्दल, आणि येथे मला तुमची बाजू घेता येत नाही. ‘स्पिरिटेड अवे’ हा 2001 सालचा अत्यंत थोर चित्रपट आहे, परंतु सहा वर्षांच्या मुलीला तो आधी स्वतः न पाहता दाखवणे ही चूक झाली. सुरुवातीच्या काही मिनिटांतच आईवडील एका ओस गावातल्या दुकानात बसून, कोणी वाढलेले नसताना, समोरचे अन्न बकाबका खाऊ लागतात, आणि मुलगी परत येऊन त्यांना हलवते तेव्हा खुर्चीत डुकरे बसलेली असतात. यात राक्षस नाही, रक्त नाही. आई आणि बाबा हाक मारूनही ओळख देत नाहीत, एवढेच आहे, आणि सहाव्या वर्षी याहून भयंकर काहीच नसते. मोठ्यांना वाटते की मुले दात, नखे आणि अक्राळविक्राळ तोंडांना घाबरतात. तुमची नात तोतोरोच्या नखांना घाबरली नाही, उलट छत्री घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली, हे ध्यानात घ्या. त्या चित्रपटातल्या कुटुंबातही आई दीर्घ आजाराने रुग्णालयात आहे (मियाझाकींची स्वतःची आई ते लहान असताना क्षयाने अनेक वर्षे आजारी होती), पण तेथे बाबा घरी आहेत आणि ते मुलींचे म्हणणे खरे मानतात. घर शाबूत असले की मुले पुष्कळ काही सोसतात.

सूनबाईंची नाराजी मला रास्त वाटते, कारण चित्रपट तुम्ही लावलात आणि रात्री दोनला उठून दिवा लावणे त्यांच्या वाट्याला आले. त्यांची समजूत घालण्यापेक्षा शुक्रवारी त्यांना विचारणे चांगले : उद्या हा लावणार आहे, यात अमुक प्रसंग आहे, चालेल का? असे विचारण्यासाठी अर्थात तुम्ही तो स्वतः आधी पाहिलेला असला पाहिजे. दुपारी मुले शाळेत असताना निम्म्या तासात चाळून पाहिला तरी पुरे. प्रमाणपत्राचाही थोडा उपयोग होतो. पूर्वी ‘यूए’ (मुलांनी मोठ्यांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा) हा एकच सरसकट वर्ग होता. 2024 च्या नियमांनुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्याचे यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे तीन भाग केले आहेत, आणि ऑनलाइन मंचांवर तशाच पायऱ्या 2021 पासून आहेत. 13+ आणि त्यावरील गोष्टींना तेथे कुलूप लावण्याची सोयही असते, ती लावून ठेवा. परंतु मंडळाला तुमची नात ठाऊक नाही. तिला अंधाराची भीती वाटते, की हरवण्याची, की मोठ्या आवाजाची, हे सूनबाईंना ठाऊक आहे.

घाबरल्यावर काय करावे, याचे उत्तर एका चित्रपटातच आहे. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या 1987 सालच्या चित्रपटात आजारी नातवाच्या अंथरुणाशी बसून आजोबा गोष्ट वाचत असतात. नायिका पाण्यात पडली आहे, भुकेले जलचर तिच्या अगदी जवळ आले आहेत, आणि तेवढ्यात आजोबा पुस्तक बाजूला करून सांगून टाकतात, की आत्ता ते तिला खाणार नाहीत. नातू अर्थातच कबूल करत नाही की तो घाबरला होता. आजोबाही तो मुद्दा ताणत नाहीत, पुन्हा पुस्तकात पाहून वाचू लागतात. तुम्ही तेच करायला हवे होते. रिमोट उचलायचा, चित्र थांबवायचे आणि शांतपणे सांगायचे, की शेवटी आईबाबा पुन्हा माणसे होतात, मी पाहिले आहे. शेवट आधी सांगितल्याने गोडी जाते, हा मोठ्यांचा समज आहे. मुले तर तीच गोष्ट शंभर वेळा ऐकतात आणि एक शब्द बदलला तरी आपल्याला पकडतात. आणखी एक सुचवते. भीतीच्या चित्रपटाला रिमोट नातीच्या हाती द्या. ती पहिल्या दहा मिनिटांत तो बारा वेळा दाबेल, नातू कावेल, आणि मग ती विसरून जाईल. थांबवण्याचे बटण हाताशी आहे एवढे पुरते.

भीतीमागचा माणूस दाखवणे हाही जुना उपाय आहे. ‘ऑझ’मधली हिरव्या तोंडाची चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन या अभिनयात येण्यापूर्वी बालवाडीच्या शिक्षिका होत्या. त्यांनी साकारलेल्या चेटकिणीने पिढ्यान्‌पिढ्या मुले घाबरत आली, तेव्हा 1975 साली त्या फ्रेड रॉजर्स यांच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात साध्या कपड्यांत आल्या, चेटकिणीचा पोशाख मुलांसमोर एकेक करून अंगावर चढवला आणि हे सारे सोंग कसे होते ते हसत सांगितले. तुम्ही तर नाशिकचे. दादासाहेब फाळके यांचा ‘कालियामर्दन’ हा 1919 सालचा मूकपट, ज्याचा बराचसा भाग आजही पाहायला मिळतो, अशाच एका गोष्टीने सुरू होतो : फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आधी स्वतःच्या रूपात पडद्यावर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव करून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. नागाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण ही एक लहान मुलगी आहे, हे प्रेक्षकांना आधीच सांगितलेले असते आणि तरीही डोहाच्या प्रसंगी श्वास रोखला जातो. नातीला तो पहिला भाग जरूर दाखवा आणि नंतर आरशासमोर तिला तेच करू द्या. त्या पानावर लिहायला तुम्हाला पुष्कळ मिळेल.

तुमच्या मित्रांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो बहुतेक घरांत ऐकू येतो. त्यांना एवढेच विचारा, की त्यांनी सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ पाहिला आहे का. रायांच्या मुलाने त्यांना विचारले होते, की तुम्ही लहान मुलांसाठी काही का करत नाही. तेव्हा आजोबा उपेंद्रकिशोर यांची एक गोष्ट घेऊन त्यांनी 1969 साली हा चित्रपट केला. बेसूर म्हणून गावाबाहेर काढलेले दोघे रानात भेटतात आणि भुतांचा राजा त्यांना तीन वर देतो. पहिला वर कोणता? हवे ते खायला आणि ल्यायला मिळावे. राज्य नाही, सोने नाही. आधी पोट आणि वस्त्र. पुढे युद्धाची वेळ येते तेव्हा हल्ला राज्याचे अर्धपोटी सैन्य निघायला तयार नसते, आणि या दोघांच्या गाण्याने आकाशातून मिठाईच्या हंड्या उतरू लागतात. सैनिक शस्त्रे टाकून हंड्यांकडे धावतात आणि लढाई होतच नाही. भुकेबद्दल आणि लढाईबद्दल दहा वर्षांच्या मुलाशी याहून सरळ बोलणारा संस्कारपट मला तरी आठवत नाही, आणि तो भुतांचा आहे! मित्रांना अद्भुताचे वावडेच असेल, तर परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ त्यांच्यासह पाहा. पंढरपूरची कार्तिकीची जत्रा, वडिलांनी करून दिलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून मुलांनी आईला न सांगता थाटलेले बांगड्यांचे दुकान. त्यात जादूचा लवलेश नाही, पण साहस म्हणजे काय ते पुरते आहे.

‘गुपी बाघा’ बंगालीत आहे, म्हणून भाषेबद्दल दोन शब्द. नातू तळओळी (सबटायटल्स) वाचील, नात वाचू शकणार नाही. काही घरांत अशा वेळी सरसकट हिंदी अवतार लावतात. मला ते फारसे रुचत नाही, कारण परक्या भाषेचा आवाज हाही त्या अद्भुताचा भाग असतो. तुम्ही शेजारी बसून सूत्रधार व्हा. सगळे सांगू नका, निम्मेच सांगा, उरलेले ती चेहऱ्यांवरून ओळखते. आणि अधूनमधून ज्यात बोलणे जवळजवळ नाहीच असे काही निवडा. ‘द रेड बलून’ हा 1956 सालचा फ्रेंच चित्रपट जेमतेम 35 मिनिटांचा आहे. पॅरिसच्या करड्या गल्ल्यांतून एका मुलामागे एक लाल फुगा पाळीव कुत्र्यासारखा हिंडतो. त्यात संवाद मोजकेच, तरी पटकथेचे ऑस्कर त्याला मिळाले होते. ज्या शनिवारी वेळ कमी असेल, किंवा नातीचा घरचा अभ्यास राहिला असेल, त्या दिवसासाठी तो राखून ठेवा.

लेखापालाला शोभेल असे एक किरकोळ काम आहे, तेही उरकून घ्या. नव्या टीव्हीत चित्राची हालचाल गुळगुळीत करणारी एक योजना बहुधा आधीपासून चालू असते. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी घेतलेला असतो, आणि टीव्ही मध्ये आपल्या मनची चित्रे भरतो. मग राजवाडा सेटसारखा आणि ड्रॅगन मालिकेतल्यासारखा दिसू लागतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ या नावाखाली ती सापडेल, ती बंद करा. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा आणि तोफ उडताच शेजारी दारात यावेत, असे होत असेल तर आवाजाचा ‘नाइट’ प्रकार निवडून पाहा. नातीचे निम्मे दचकणे त्यानेच कमी होईल.

राहता राहिले ते पाणी प्यायला उठून जाणे. ‘ई. टी.’ पाहताना रडू आलेले तुम्ही पहिले नव्हेत, पण ते का येते हे समजून घेण्यासारखे आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 1982 सालच्या त्या चित्रपटात कॅमेरा बराच काळ मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आहे. आई सोडली तर मोठी माणसे पूर्वार्धात कंबरेखालीच दिसतात. एकाच्या पट्ट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा तेवढा वाजत असतो. चित्रण बऱ्याच अंशी गोष्टीच्या क्रमानेच केले गेले, म्हणजे शेवटचा निरोप घेताना त्या मुलांचाही परग्रहावरून आलेल्या त्या प्राण्याबरोबरचा सहवास खरोखरच संपत आला होता. आणि मुळात ते घर वडिलांनी सोडलेले घर आहे. ते दुसऱ्या बाईबरोबर मेक्सिकोला निघून गेले आहेत, हे जेवणाच्या टेबलावर सहज निघते आणि आईचा चेहरा उतरतो. प्राणी आकाशातून येण्याआधीच त्या घरात कोणाची तरी जागा रिकामी आहे. 64 वर्षांच्या माणसाने हे मुलाच्या उंचीवर बसून पाहिले, तर त्याला आपल्या घरातल्या रिकाम्या जागा आठवणार नाहीत का? त्या कोणाच्या आहेत हे मी विचारणार नाही. तुम्ही मात्र त्या पानावर नाव लिहा. ते पान कोणाला दाखवायचे की नाही, हा तुमचा प्रश्न आहे.

मुलांपासून हे लपवणे मात्र सोडा. नात घाबरली तेव्हा सगळ्या घराने पाहिले, नातू चिडला तेव्हाही पाहिले, आणि त्यावर अजून चर्चा चालू आहे. आजोबा तेवढे कोरडे, अशी मुलांची समजूत करून देण्यात काय मिळवायचे? पुढच्या वेळी डोळे भरून आले, तर बसून राहा. नात विचारील, तुम्ही तिला सांगाल, आणि त्याची नोंद वहीत येईल.

नमुना म्हणून माझ्या वहीतले एक पान देते, त्यात साहित्यिक काही नाही. ‘रविवार. द रेड बलून. भाची, वय सात. फुगा फुटला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, पडद्याकडे नाही. शेवटी सगळ्या शहरातले फुगे त्या मुलाला उचलून नेतात, तेव्हा टाळ्या. मग म्हणाली, पण तो लाल नाहीच आला ना. मला वाटले होते शेवट आनंदाचा आहे. वीज गेली म्हणून श्रेयनामावली राहिली. पोहे.’ एवढेच. सहा वर्षांपूर्वीचे हे पान आहे आणि त्यावरून मला ती संध्याकाळ आख्खी आठवते. शिवाय भाचीचे म्हणणे बरोबर होते, हे माझ्या लक्षात पुढे केव्हातरी आले. इतकी वर्षे मी तो चित्रपट सुखान्त म्हणून लोकांना सुचवत होते.

मागची 31 पाने फाडू नका, पण पुन्हा लिहायलाही बसू नका. जे विसरले ते विसरले. ‘तोतोरो’चे पान तेवढे या शनिवारच्या आत पुरे करा, कारण ती संध्याकाळ अजून ताजी आहे. नातवालाही विचारा, भांडणाची त्याची बाजू वेगळी निघेल. आणि छत्री कोणाची होती, काळी मोठ्यांची की तिची स्वतःची, ते तुमच्या पत्रात राहून गेले आहे.